साक्ष द्यायची, तर नीट द्यावी

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरले. आमची वसाहत नदीपासून फार लांब नाही. तळमजल्यावरच्या अनेकांना जाग आली तेव्हा पलंगाखालच्या चपला खोलीभर तरंगत होत्या. वीज गेली होती, पण फोन चालू होते, त्यामुळे तासाभरात वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशेच्या वर संदेश जमा झाले. त्यांतल्या तिघांनी 'तलाव फुटला, घरे सोडा' असे लिहिले होते. तिघांपैकी एकही जण तलावाकडे गेला नव्हता. प्रत्येकाला ते दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून आले होते. तलाव फुटला नव्हता, सांडव्यावरून वाहत होता. त्या अंधारात या दोन वाक्यांमधल्या फरकाने किती म्हातारी माणसे कमरेएवढ्या पाण्यात घराबाहेर पडली असती, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

त्याच गोंधळात आमच्या शेजारच्या काकांनी एक फोटो टाकला. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. फोटोत त्यांच्या दिवाणखान्याची भिंत होती, भिंतीवर पेन्सिलीने मारलेली आडवी रेघ होती आणि रेघेला टेकवलेला लोखंडी टेप होता. खाली एवढेच लिहिले होते : 'पहाटे 5.10. फरशीपासून 41 इंच. अजून चढते आहे.' अडीच तासांनी दुसरा फोटो आला : '7.40. 38 इंच. उतरायला लागले.' पहिल्या फोटोवरून वरच्या मजल्यावरच्या मुलांनी कुणाला आधी उचलून वर आणायचे ते ठरवले. दुसऱ्या फोटोवरून सगळ्यांच्या जिवात जीव आला. पुढे शासनाने पुराचे पाणी शिरलेल्या घरांसाठी 10 हजार रुपयांची मदत जाहीर केली आणि पंचनाम्यासाठी माणसे आली, तेव्हाही आसपासच्या चार-पाच घरांनी हाच फोटो दाखवला, कारण तोवर भिंती पुसून झाल्या होत्या आणि चिखलाची रेघ कुणाच्याच घरात उरली नव्हती.

दुपारपर्यंत पाणी ओसरले आणि ग्रुपवर मतांचा पूर आला. चूक कुणाची, पैसे कुणी खाल्ले, कोणत्या पक्षाच्या काळात नाल्यांवर स्लॅब पडले, यावर तीनशे संदेश झाले. त्यांत भांडणे झाली, दोन कुटुंबांनी ग्रुप सोडला. काकांनी पुन्हा काही लिहिले नाही. मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "माझ्याजवळ जे होते ते मी दिले. पुढचे मला माहीत नाही." सार्वजनिक प्रश्नांवरच्या चर्चेत आपण आपले अनुभव आणि आपली मते कशी मांडावीत, यावर मी तेव्हापासून विचार करते आहे. अनुभव सांगणे म्हणजे साक्ष देणे आहे, अशी माझी धारणा झाली आहे. साक्षीदाराला जसे काही हक्क असतात, तशी त्याच्यावर काही बंधने असतात. आणि साक्ष ऐकणाऱ्यांवरही बंधने असतात, ज्यांचा आपल्याला फार लवकर विसर पडतो.

अशा चर्चांना कमी लेखणारा एक मोठा सुशिक्षित वर्ग आहे. त्यांच्या मते लोकांचे अनुभव म्हणजे किस्से, आणि धोरणे किश्श्यांवर ठरत नसतात, ती आकडेवारीवर ठरतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पर्जन्यमापक पावसाची नोंद करतो. कुणाच्या स्वयंपाकघरात किती इंच पाणी शिरले, याची नोंद तो करत नाही. ती त्या घरातल्या माणसानेच करायची असते. महापालिकेच्या तक्रारींच्या आकड्यांत फक्त त्यांचीच गणती होते, ज्यांना तक्रार कुठे करायची हे ठाऊक असते आणि केल्याचा उपयोग होईल असा विश्वास असतो. ज्या गल्लीतून एकही तक्रार येत नाही, तिथली नाली वाहती आहे की तिथली माणसे थकली आहेत, हे आकडा सांगू शकत नाही.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर या चर्चांवर गेल्या काही वर्षांत जास्तीचा भार पडला, हेही लक्षात घेतले पाहिजे. नागपूर महानगरपालिकेच्या 151 सदस्यांच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. पूर आला त्या पहाटे आमच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. एरवी लोक ज्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनावतात, ते दारच नव्हते. सभागृहात प्रश्न विचारणारे कुणी नव्हते, स्थायी समितीत फाइल अडवणारे कुणी नव्हते. अशा काळात नागरिकाचा आवाज जायचा कुठे? तो फोनमध्ये गेला. त्याला नुसती बडबड म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय मराठी सार्वजनिक जीवनाची जडणघडणच अशा स्वानुभवाच्या साक्षींतून झाली आहे. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. त्यात बाळंतपणाच्या वेळी डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे थंडीवाऱ्यात कसे हाल होतात, हे आहे. त्या वेळी या हालांची मोजदाद करणारे कोणतेही सरकारी कोष्टक नव्हते. एका मुलीने आपल्या माणसांचे भोगणे नेमक्या शब्दांत सांगितले आणि त्यावरून धर्माला व सत्तेला प्रश्न विचारला. अनुभव आधी आणि प्रश्न त्यातून उगवलेला, हा क्रम मला मोलाचा वाटतो. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी लाखोंच्या संख्येने माणसांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आपल्या भोगण्याचा एकत्र येऊन निकाल लावला, त्या शहराने तरी 'तुमचा वैयक्तिक अनुभव बाजूला ठेवा' हे वाक्य फार जपून वापरले पाहिजे.

आता साक्षीदाराच्या बंधनांकडे येते, कारण खरी गफलत तिथे होते, आणि ती माझ्या हातूनही झाली आहे.

काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन एका सरकारी रुग्णालयात गेले होते. नोंदणीच्या तीन खिडक्यांपैकी एकच उघडी होती आणि आम्ही दोन तास दहा मिनिटे रांगेत उभे होतो. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. घरी आल्यावर मी फेसबुकवर सविस्तर लिहिले. शेवटचे वाक्य होते : 'इथे काम करणाऱ्या एकालाही रुग्णाची पर्वा नाही.' त्या लेखनाला भरपूर प्रतिसाद मिळाला आणि त्यातले बहुतेक सगळे त्या शेवटच्या वाक्याला होते. खिडक्यांबद्दल कुणीच बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी एका परिचारिकेने लिहिले : 'ताई, दोन तास उभे राहावे लागले, हे खरे असणार. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या दिवशी सलग बारा तास उभी होते. खिडक्या बंद का होत्या, हे तुम्ही विचारले असते तर बरे झाले असते. तिथे बसायला माणसेच नाहीत.'

मी ते वाक्य काढले. काढले असे स्पष्ट लिहूनही टाकले. जे मी पाहिले होते त्यात एक खिडकी, दोन तास आणि भिंतीला टेकून बसलेली आई एवढेच होते. 'पर्वा नाही' हे मी पाहिले नव्हते. ते माझ्या संतापाने पाहिले होते. बँकेत तीस वर्षे नोकरी करताना ज्या व्हाउचरमागचा व्यवहार आपण तपासला नाही त्यावर सही करायची नाही, हे मी रोज पाळत आले. पण चारचौघांत बोलताना मात्र न तपासलेल्या वाक्यावर मी बिनदिक्कत सही केली होती. त्या दुरुस्तीनंतर चर्चेचा रोख बदलला. मंजूर पदे किती आणि रिकामी किती, हा प्रश्न निघाला आणि एका वाचकाने 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तोच प्रश्न अर्ज करून विचारला. माझ्या संतापाचा अर्ज करता आला नसता. रिकाम्या पदांचा करता आला.

अनुभवावरून मत बनवणे चूक नाही. मत बनल्याशिवाय माणूस राहत नाही आणि मत न बनवणारा नागरिक काही कामाचा नाही. मात्र 'मी हे पाहिले' आणि 'यावरून मला असे वाटते' यांच्यामधली सीमा बोलणाऱ्याने स्वतः आखून दिली पाहिजे. आपल्या कायद्यातही ही सीमा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 499 व्या कलमात असलेली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात आलेली बदनामीची तरतूद तिच्या अपवादांसह वाचावी. पहिला अपवाद सत्य कथनाचा आहे, पण नुसते सत्य पुरत नाही. ते सांगणे लोकहितासाठी असावे लागते. त्यानंतरचे अपवाद मतांचे आहेत : लोकसेवकाच्या कामाबद्दल किंवा सार्वजनिक प्रश्नाबाबतच्या कुणाच्या वागणुकीबद्दल सद्भावनेने व्यक्त केलेले मत. वस्तुस्थिती सांगणाऱ्याला एक कसोटी आणि मत देणाऱ्याला दुसरी. शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणाची खरी हकिगत सांगणे आणि सार्वजनिक रस्त्याच्या दर्जाची खरी हकिगत सांगणे, यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही आणि आपणही मोजू नये.

कायद्याचा विषय निघाला, म्हणून भीतीबद्दलही लिहिले पाहिजे. 2012 साली मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि त्या ओळींना पसंती देणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66-अ कलमावर तेव्हा देशभर चर्चा झाली, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ग्रुप चालवणाऱ्यांच्या मनातली धास्ती तर आपल्याच शहरातल्या न्यायालयाने कमी केली. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली असा निर्णय दिला की, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट असल्याचे दाखवता येत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही कितीतरी ग्रुपवर 'कृपया राजकीय विषय टाकू नयेत' अशी पाटी असते आणि त्या पाटीखाली रस्ता, पाणी, कचरा, शाळा हे सगळे विषय गप्प होतात. नळाला पाणी का येत नाही, हा प्रश्न राजकीय नाही असे म्हणणाऱ्याला राजकारण म्हणजे फक्त निवडणूक वाटते. ॲडमिन मंडळींनी शिवीगाळीला जरूर चाप लावावा. प्रश्नाला लावू नये.

आणखी एक गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते. ज्याला धनी नाही, असा अनुभव पुढे पाठवला जातो. 'माझ्या मैत्रिणीच्या जाऊबाईंना आलेला अनुभव' अशी सुरुवात असलेला मजकूर ज्याच्या फोनवर आला नाही, असा माणूस सापडणार नाही. त्यात गाव असते, पण नाव नसते. वेळ असते, पण तारीख नसते, म्हणून तो दरवर्षी नव्याने फिरू शकतो. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या जमातीतल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले, त्याआधी अशाच अफवा फोनाफोनीतून आणि व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्राने घातलेली मर्यादा बोटाला कळते, मनाला कळत नाही. 'मी स्वतः पाहिलेले नाही' एवढे चार शब्द पुढे पाठवण्याआधी लिहायची सवय आपण लावून घेतली असती, तर बहुतेक मजकूर तिथेच थांबला असता, कारण ते चार शब्द लिहिल्यावर पाठवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

दुसऱ्याचा अनुभव त्याच्या परवानगीवाचून सांगणे, हा त्याचाच जुळा भाऊ. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमाखाली गुन्हा आहे. तरीही एखादी भयंकर घटना घडली की संतापाच्या भरात तिचे नाव, फोटो, घराची गल्ली सगळीकडे फिरू लागते, आणि फिरवणारे स्वतःला तिचे कैवारी समजतात. ती साक्ष तिची आहे. ती द्यायची की नाही, केव्हा आणि कुणापुढे, हे ठरवण्याचा हक्क तिच्याकडेच राहिला पाहिजे.

ऐकणाऱ्यांकडे वळते. कुणी अनुभव सांगितला की त्यावर पहिली प्रतिक्रिया काय येते? 'तुम्ही कोणत्या पक्षाच्या?' 'तेव्हा कुठे होता?' 'आम्हाला तर असा अनुभव कधी आला नाही.' बाई बोलत असेल तर तिच्या दिसण्यावर, नवऱ्यावर, आडनावावर. आडनावावरून तिची जात काढायची आणि जातीवरून तिच्या खड्ड्याच्या तक्रारीचा निकाल लावायचा, हे मी अनेकदा पाहिले आहे. उलटतपासणी जरूर करावी. कधी, कुठे, स्वतः पाहिले का, फोटो आहे का, हे प्रश्न साक्षीदाराचा अपमान करत नाहीत. उलट त्याचे म्हणणे गंभीरपणे घेतले आहे, याची ती खूण असते. त्याला बोलू न देता पिंजऱ्यातून हाकलून देणे ही उलटतपासणी नव्हे.

येथे मला मे 2024 मधली आपल्या शहरातली एक घटना आठवते. 30 मे रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. आकडा देशभर पसरला. आपल्याला उन्हाळा नवा नाही. दुपारी बारानंतर बर्डीच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही आणि घराघरांत कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या जातात. तरीही 56 वाचून अनेकांनी आदल्या दिवशीची आठवण काढून 'एवढे काही जाणवले नाही' असे लिहिले. त्यांना अडाणी ठरवणारेही भेटले, कारण यंत्र खोटे बोलत नाही, हा आपला समज पक्का असतो. हवामान खात्याने तपासणी करून सांगितले की, केंद्रातला संवेदक बिघडला होता आणि नोंद चुकीची होती. यावरून यंत्रांवर विश्वास ठेवू नये, असे कुणी म्हटले नाही. ते केंद्र मोडीत काढा, असेही नाही. चूक सापडली, जाहीर झाली, काम पुढे चालू राहिले. एका यंत्राच्या चुकीला आपण जेवढी सवलत देतो, तेवढीच एखाद्या माणसाच्या प्रामाणिक चुकीला द्यायला काय हरकत आहे? चूक मान्य करणाऱ्याचे जुने स्क्रीनशॉट काढून वर्षानुवर्षे त्याला टोचत राहिले की पुढच्या वेळी कुणी चूक मान्य करत नाही. मग चुका तशाच राहतात आणि साक्षीदार हट्टी होतात.

टोपणनावाचा प्रश्न वारंवार निघतो. खरे नाव न देता लिहिणारे भेकड आहेत आणि त्यांचे बोलणे ऐकूच नये, असे मत मी अनेक समंजस माणसांकडूनही ऐकले आहे. मला ते पटत नाही. 1848 पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुखांनी आपल्या समाजावर कठोर टीका करणारी पत्रे 'लोकहितवादी' या नावाने लिहिली. ते सरकारी नोकर होते. आजही राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत आणि सरकारच्या धोरणावर उघड टीका करण्याची मुभा ते देत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पटावर किती मुले आहेत आणि वर्गात किती येतात, हे त्या शाळेतल्या शिक्षकाइतके कुणाला ठाऊक असणार? त्याचे नाव मागणे म्हणजे त्याला गप्प बसायला सांगणे आहे. टोपणनावाने दुसऱ्याच्या अब्रूवर हात टाकणारा आणि टोपणनावाने आपल्या खात्यातली उणीव सांगणारा, यांना एका तराजूत घालू नये. पहिल्याला आडोसा हवा असतो तो हल्ला करायला, दुसऱ्याला नोकरी टिकवायला. वाचणाऱ्याने नावापेक्षा तपशील पाहावा. ज्याने स्वतः पाहिले आहे त्याच्या लिहिण्यात तपशील असतो, आणि तो कुठेतरी अडखळतो, 'हे मला नक्की माहीत नाही' असेही म्हणतो.

भाषेबद्दलही लिहायला हवे, कारण कोण बोलू शकते हे पुष्कळदा भाषेवर ठरते. आमच्या मोठ्या ग्रुपवर मागच्या उन्हाळ्यात एकाने लिहिले होते : 'आमच्या इकडं चार दिवसापासून नळाले पाणी नाही. टँकरवाल्याले फोन करू करू थकलो, तो उचलूनच नाही राहिला.' त्यावर पहिले उत्तर पाण्याबद्दल नव्हते, 'नळाले' या शब्दाबद्दल होते. कुणीतरी शुद्ध रूप लिहून दाखवले, दोघांनी हसण्याची चिन्हे टाकली. तो गृहस्थ पुन्हा लिहिताना दिसला नाही. चार दिवस पाणी नसल्याची माहिती त्या ग्रुपवर दुसऱ्या कुणाकडेही नव्हती. 'नळाले' आणि 'करून राहिलो' ही आपल्या घरची बोली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आज्या याच भाषेत बोलत आल्या. हिंदीमिश्रित बोलणाऱ्या इतवारीतल्या दुकानदाराचेही तेच. साक्ष ज्या बोलीत सुचते, त्याच बोलीत ती सर्वांत नेमकी असते. ती प्रमाण भाषेत आणायला लावले की माणूस पाहिलेले सोडून छापील वाक्ये लिहू लागतो, 'प्रशासनाच्या अनास्थेमुळे नागरिक त्रस्त' वगैरे. आणि त्यातून चार दिवस आणि न उचललेला फोन, दोन्ही निघून जातात.

हे सगळे लिहीत असताना एका उणिवेने मी अस्वस्थ आहे. आमच्या ग्रुपवर पुराच्या दिवशी दोनशे घरांतली माणसे बोलत होती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठावर राहतात. त्यांच्या झोपडीत पाणी छताच्या पत्र्याला लागले होते. त्यांचा अनुभव आमच्या त्या तीनशे संदेशांच्या चर्चेत फक्त एका वाक्यात आला, आणि ते वाक्य दुसऱ्याच एका घरातून आले होते : 'कामवाल्या चार दिवस येणार नाहीत असे दिसते, पर्यायी सोय आहे का?' इतक्या लोकांनी इतके लिहिले आणि ज्यांचे सगळे वाहून गेले, त्यांची साक्ष कुणी घेतलीच नाही. मीसुद्धा नाही.

मी त्यांना विचारले ते पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर, नाग नदीची सफाई सुरू झाल्याची बातमी वाचल्यावर. त्यांच्या नाल्यावर यंत्र आले नव्हते. त्यांनी सांगितले की, वस्तीकडे येणाऱ्या पुलियाखाली दोन पाइप आहेत, त्यांतला डावीकडचा गादीने आणि प्लॅस्टिकने बुजलेला आहे, त्या रात्री पाणी तिथूनच मागे फिरले आणि आधी न्हाणीत वर आले. हे त्यांनी हातांनी आकार करून दाखवले. इतकी नेमकी माहिती आमच्या ग्रुपवर कुणी दिली नव्हती. मी विचारले, हे मी तुमच्या नावाने लिहू का. त्या पोळपाटावरचे पीठ गोळा करत थोडा वेळ थांबल्या.

"माह्यं नाव नका टाकू ताई," त्या म्हणाल्या, "नाल्याचं टाका."

मी त्यांच्या शब्दांत लिहिले, खाली 'हे मी स्वतः पाहिलेले नाही, तिथे राहणाऱ्या बाईंनी सांगितले' असे नमूद केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुलियावर जाऊन दोन्ही पाइपांचे फोटो काढून जोडले. संध्याकाळी काकांचा निरोप आला. पाइपचा व्यास किती आहे, हे त्यांनी विचारले होते, आणि उद्या टेप घेऊन येतो, असे लिहिले होते.